पिण्याचं पाणी, वजूचं पाणी

मे 2016 मधली गोष्ट. बारावीची परीक्षा संपली होती, निकाल यायचा होता आणि मी येलदरीला नानीकडे सुट्टीला गेले होते. एका संध्याकाळी मगरिबची अजान झाली. नानी उठली, घराच्या मागच्या मातीच्या भिंतीपाशी गेली, दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले, झटकले, चेहऱ्यावरून फिरवले. पुन्हा टेकवले, झटकले आणि कोपरापर्यंत हातांवरून फिरवले. मग डोक्यावरचा पदर सारखा करून नमाजला उभी राहिली.

पाणी नसेल तेव्हा मातीने करायच्या या पाकीला तयम्मुम म्हणतात. अडचण एवढीच होती, की घरात पाणी होतं. चुलीशेजारी भरलेली घागर मला दिसत होती.

मी अठरा वर्षांची होते आणि त्या वयात धर्म जितका पाठ असतो तितका पुढे कधीच नसतो. नमाज संपल्यावर मी नानीला म्हटलं, की पाणी असताना तयम्मुम होत नाही, तुझी नमाज झाली नाही. तिने जानमाज घडी करता करता सांगितलं, "वो पीने का पानी है. वुजू का नै."

मला ते उत्तर पटलं नाही. पाणी ते पाणीच. मी घागरीतून तांब्या भरून घेतला, पायांसाठी आणखी एक घेतला आणि रीतसर वजू केला. नानी काही बोलली नाही. त्या दोन तांब्यांचा विचार मी गेली नऊ-दहा वर्षं अधूनमधून करते आहे.

ज्यांना वजू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवसातून पाच वेळा नमाज असते आणि नमाजसाठी वजू लागतो. आधी मनगटापर्यंत हात धुवायचे, चूळ भरायची, नाकात पाणी घ्यायचं. मग कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत चेहरा, कोपरापर्यंत आधी उजवा आणि मग डावा हात. ओला हात डोक्यावरून फिरवायचा, त्याला मसह म्हणतात. कान पुसायचे. शेवटी घोट्यापर्यंत पाय. मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी परंपरेतले. त्या परंपरेत यातल्या चारच गोष्टी फर्ज, म्हणजे टाळता न येणाऱ्या: चेहरा, हात, डोक्याच्या निदान पाव भागाचा मसह आणि पाय. बाकीचं सगळं सुन्नत. करावं, पण राहिलं तर वजू मोडत नाही. एकदा केलेला वजू झोप लागेपर्यंत किंवा शौचाला जाईपर्यंत किंवा तसंच काही कारण घडेपर्यंत टिकतो. त्यामुळे एका वजूवर दोन-तीन नमाजही होतात.

बाई असो की पुरुष, कृती एकच. तरी बाईच्या वजूला तिच्या आयुष्याचे तपशील चिकटलेले असतात. बांगड्या आणि घट्ट अंगठी हलवायची, खाली पाणी पोचलं पाहिजे. मेंदी चालते, कारण तो नुसता रंग आहे. नेलपॉलिश चालत नाही, कारण तिचा थर बसतो आणि पाणी नखापर्यंत जात नाही. पीठ मळणाऱ्या हाताच्या नखांत वाळलेल्या कणकेचं काय करायचं, यावरसुद्धा जुन्या फिकहाच्या ग्रंथांत चर्चा आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी स्वयंपाकघरातून थेट नमाजला येणाऱ्या बाईचा विचार केला होता.

खरा फरक कृतीत नाही, जागेत आहे. आमच्याकडे पुरुष बहुधा मशिदीत वजू करतात. तिथे वजूखाना असतो, नळांची रांग असते, बसायला ओटे असतात. बाया घरी करतात, मोरीत. मशिदीतलं पाणी टाकीतून येतं. घरातलं पाणी घरातल्या बाईने आणलेलं असतं.

त्या उन्हाळ्यात हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. मराठवाड्याचे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं; 12 एप्रिल 2016 ला पोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि ती बातमी देशभर गाजली. येलदरीची स्थिती तर विचित्रच. पूर्णा नदीवरचं इथलं धरण 1968 मध्ये पूर्ण झालं. एकूण साठवण सुमारे 934 दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर. लहानपणी आम्ही त्याला समुद्र म्हणायचो. त्या वर्षी समुद्राच्या जागी भेगाळलेला गाळ होता आणि उरलेलं पाणी मृतसाठ्यातलं. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

नानीच्या वस्तीवर टँकर यायचा, पण त्याचा दिवस पक्का नसायचा. आला की टिपाडं भरायला मुमानी धावायची. म्हणजे एरवी धावायची. त्या वेळी ती बाराव्या दिवसाची बाळंतीण होती. टिपाड रिकामं झालं होतं. चुलीशेजारची घागर तिच्यासाठी आणि बाळासाठी राखलेली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. दुपारी घागरीचा तळ दिसू लागला तेव्हा नानी तीच घागर घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. त्यांच्या बोअरला थोडं पाणी यायचं. गुडघे दुखत असताना ती उन्हात गेली आणि अर्धी घागर घेऊन आली. मी पुढे होऊन तिच्या डोक्यावरून ती उतरवून घेतली. तेव्हाही ती काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर, होस्टेलच्या रिकाम्या वेळात, मी याबद्दल वाचायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर मला बरोबर ठरायचं होतं. निघालं उलटंच.

तयम्मुमची परवानगी कुराणात दोन ठिकाणी आहे. ती कशी मिळाली याची कथा हदीसमध्ये येते आणि त्या कथेच्या मध्यभागी एक बाई आहे. प्रवासात हजरत आयशांचा गळ्यातला हार हरवला. तो शोधायला सगळा काफिला थांबला. थांबले ती जागा पाण्याची नव्हती आणि कुणाकडे पाणीही नव्हतं. लोक कुरकुरले, वडील अबूबक्र मुलीवर चिडले. तिथेच मातीने पाकी करण्याची मुभा देणारी आयत उतरली. मग आयशांचा उंट उठवला, तर हार त्याच्याखाली सापडला. एका बाईच्या हरवलेल्या हारामुळे जगभरच्या मुसलमानांना ही सोय मिळाली, हे मला कुणी मदरशात सांगितलं नव्हतं.

'पाणी नसणं' म्हणजे काय, याचाही फिकहाने बारकाईने विचार केला आहे. हनफी मतानुसार पाणी सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या पलीकडे असेल तर ते नाहीच असं धरायचं. आजाराने पाणी बाधत असेल तरी तयम्मुम चालतो. पाण्यापाशी शत्रूचं भय असेल तरी चालतो आणि यात असंही नोंदवलं आहे, की पाण्यावर एखादा बदमाश माणूस असेल आणि बाईला स्वतःची भीती वाटत असेल, तर तिच्यासाठी ते पाणी नसल्यातच जमा. शेवटी तहान. जवळ असलेलं पाणी पिण्यासाठी लागणार असेल, स्वतःला, सोबतच्या माणसाला, अगदी सोबतच्या जनावराला, आज किंवा पुढे, तर तेही वजूसाठी नाहीच.

म्हणजे नानी बरोबर होती. ग्रंथाच्या भाषेत बरोबर. तिने तो ग्रंथ कधी पाहिला नव्हता. तिला हे तिच्या आईने सांगितलं होतं, आणि आईला बहुधा एखाद्या जुन्या दुष्काळाने.

मला मात्र यापुढचा प्रश्न छळतो. फिकहाच्या हिशोबाने माझा वजूही झाला होता. पाणी पाक होतं, चारही फर्ज पूर्ण झाले होते. म्हणजे नियमाच्या पातळीवर आम्हा दोघींची नमाज झाली. तरी आमच्यापैकी एकीने चूक केली होती आणि ती नानी नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: सगळ्या टेस्ट पास होतात, कोड चालतो आणि तरी आपण चुकीची गोष्ट बनवलेली असते. टेस्ट तेवढंच तपासते, जेवढं कुणीतरी तिला तपासायला सांगितलेलं असतं.

मग वजू नेमकं काय तपासतो? यावर विचार करताना मला दोन परंपरांमधला एक फरक फार उपयोगी पडला. कोकणातले बरेच मुसलमान शाफई आहेत. त्यांच्याकडे वजूसाठी नियत, म्हणजे मनातला हेतू, फर्ज आहे. आमच्या हनफींमध्ये ती फर्ज नाही, सुन्नत आहे. पावसात चिंब भिजलात, चेहरा-हात-पाय धुतले गेले, ओला हात डोक्यावरून फिरला, तर मनात काही नसतानाही वजू होतो. पण तेच हनफी तयम्मुमच्या बाबतीत नियतीशिवाय चालत नाही म्हणतात. कारण सरळ आहे. पाणी स्वभावानेच स्वच्छ करतं. तुमच्या मनात असो नसो, ते आपलं काम करतं. माती स्वभावाने मळवते. मातीचा हात तोंडावरून फिरवण्याला पाकी म्हणायचं, तर त्यात मन घालावंच लागतं.

अम्मार नावाच्या सहाबींची एक गोष्ट हदीसमध्ये आहे. अंघोळीची गरज होती आणि पाणी नव्हतं, म्हणून ते जनावरासारखे मातीत लोळले. त्यांचा हिशोब असा, की पाणी जर सगळ्या अंगाला लागतं, तर मातीही लागली पाहिजे. पैगंबरांनी त्यांना सांगितलं, की जमिनीवर हात टेकवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवले असते तरी पुरे होतं. गोष्ट वाचताना हसू येतं, पण अम्मार यांची चूक आपल्या सगळ्यांची आहे. आपल्याला वाटतं जास्त म्हणजे जास्त पाक.

मागच्या वर्षी मी घरी एक मोजमाप केलं. नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वजू केला आणि बादलीतलं पाणी मापलं. साडेपाच लिटर भरलं. हदीसमध्ये असं येतं, की पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत आणि एक साअ, म्हणजे चार मुद्द, ते पाच मुद्द पाण्यात अंघोळ. मुद्द म्हणजे ओंजळभराचं माप. कुणी पाऊण लिटर धरतं, कुणी लिटरभर. म्हणजे माझ्या एका वजूच्या पाण्यात त्यांची अंघोळ झाली असती. आणखी एका हदीसचा आशय असा, की वाहत्या नदीकाठी वजू करत असलात तरी उधळपट्टी ती उधळपट्टीच. नदीचं पाणी कमी होणार नाही, मग उधळपट्टी कसली? बहुतेक यासाठी, की हात सढळ व्हायची सवय नदीवर लागते आणि घागरीवर भोवते. नळ ही आमच्या पिढीची वाहती नदी आहे. नानी तांब्याने वजू करते, आणि तांब्यात किती उरलं ते दिसतं.

इथे कुणी म्हणेल, की असं प्रत्येक जण आपापलं ठरवू लागला तर शिस्त राहणार नाही. कंटाळा आला की माणूस भिंतीला हात टेकवेल. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. थंडीत फजरच्या वेळी गार पाणी नको वाटतं तेव्हा मलाही सवलती आठवतात. पण सवलत कुणासाठी घेतली, यावरून फरक पडतो. आळसापायी घेतलेल्या सवलतीत पाणी माझ्या सोयीसाठी वाचतं. नानीने वाचवलेलं पाणी दुसऱ्याच्या घशात गेलं. भिंत तीच, हात तोच. हनफींनी तयम्मुमला नियत फर्ज का केली असेल, ते मला तिथे कळलं.

पाणी आणि पाकीचा विषय महाराष्ट्रात काढला, की महाडला जावंच लागतं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. हे शाळेत वाचताना माझ्या मनात एक छुपा अभिमान असायचा: आमच्यात असलं नाही. आणि कायद्यात ते नाहीच. माणसाचं उष्टं पाणी पाक आहे, तो कुठल्याही धर्माचा असो, बाई पाळीत असो वा नसो. पाळीत नमाज माफ असते, ती नंतर भरूनही काढायची नसते, पण त्या बाईच्या हाताने पाणी विटाळत नाही. एकदा पैगंबरांनी आयशांना चटई आणून द्यायला सांगितली. त्यांनी पाळीचं कारण सांगितलं, तेव्हा उत्तराचा आशय असा होता, की पाळी काही तुझ्या हातात नाही.

पण महाडबद्दल आणखी वाचल्यावर तो अभिमान टिकला नाही. त्या तळ्यावर मुसलमानांना मनाई नव्हती. बाबासाहेबांनी त्यांच्या भाषणात हे बोलून दाखवलं होतं. म्हणजे आमचे लोक तिथे पाणी भरत होते आणि त्याच काठावरून दुसऱ्यांना हाकललं जात होतं. त्या पाण्याने कुणी वजूही केला असेल. तो नियमाप्रमाणे झालाही असेल. शिवाय अमक्या बिरादरीच्या घरचं पाणी न पिणारे लोक मी आमच्यातही पाहिले आहेत. पुस्तकातला नियम चांगला असणं आणि आपण चांगले असणं, या दोन गोष्टींत बरंच अंतर असतं.

हे सगळं वाचून-लिहून मी शहाणी झाले, असा समज झाला असेल तर पुढचं सांगणं भाग आहे. नोकरी लागल्यावर मी पुण्यात आले. पहिल्या ऑफिसात जोहरची नमाज मी एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये पढायचे आणि वजू मजल्यावरच्या वॉशरूममध्ये. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे: हिजाब सैल करून मसह करताना दार उघडेल का ही धास्ती, बाह्या वर, आणि शेवटी एक पाय उचलून बेसिनमध्ये. कुणी आत आलं, की आपण चोरी करताना सापडल्यासारखं तोंड होतं. या सगळ्यात मला फक्त माझी अडचण दिसत होती. धर्म पाळणं किती कठीण, लोक कसे बघतात, इतकंच.

एक दिवस हाउसकीपिंगच्या मावशी मॉप घेऊन दारात उभ्या होत्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या, "मॅडम, तुमचं झालं की सांगत जा, म्हणजे एकदाच पुसते."

म्हणजे त्या रोज दोनदा पुसत होत्या. माझ्या आधी एकदा, माझ्यानंतर एकदा. मी नमाजला उभी राहायचे तेव्हा पलीकडे माझ्या वजूचं पाणी कुणीतरी वाकून टिपत असायचं. येलदरीच्या घागरीचा मी इतका विचार केला होता आणि तीच चूक सहा-सात वर्षांनी टाइल्सच्या फरशीवर पुन्हा केली होती. माझी पाकी पुन्हा दुसऱ्या बाईच्या कमरेवर उभी होती.

आता मी बराच भाग घरूनच उरकते. वजू करून निघते आणि जमेल तितका टिकवते. चामड्याचे मोजे घेतले आहेत. पाय धुऊन ते घातले, की पुढचा एक दिवस-रात्र वजू करताना पाय न धुता त्यांच्यावरून ओला हात फिरवला तरी चालतो. बेसिनमध्ये पाय टाकायची वेळ येत नाही. पाणी बाटलीतून घेते. फरशीवर काही सांडलं तर मीच पुसते. पहिल्यांदा पुसलं तेव्हा मावशींना ते आवडलं नाही, "राहू द्या हो" म्हणाल्या. आता त्यांना सवय झाली आहे. यात मोठेपणा काही नाही. आपण सांडलेलं आपण पुसावं, एवढंच.

मे 2016 मधल्या माझ्या त्या नमाजचं काय, हे मला आजही सांगता येत नाही. मुफ्तींना विचारलं तर झाली म्हणतील आणि ते बरोबरच असेल. मी ती पुन्हा पढले नाही, कारण तिच्यात जे कमी होतं ते पुन्हा पढून भरणार नाही. गेल्या खेपेला गेले तेव्हा नानीला विचारलं, तू तेव्हा मला अडवलं का नाहीस? ती म्हणाली, "नमाज को उठे सो बच्चे को कौन रोकता?"

त्यानंतर बऱ्याच पावसाळ्यांत धरण भरलं. वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेचा जलाशय आहे, त्याला संत चोखासागर म्हणतात. तो भरला, की तिथून सोडलेलं पाणी पूर्णेतून येलदरीत उतरतं. ज्या चोखोबांना देवळाबाहेर उभं राहावं लागलं, त्यांच्या नावाच्या जलाशयातून आमच्याकडे पाणी येतं. येलदरीचे दरवाजे उघडले, की लोक फोटो काढायला गाड्या घेऊन येतात. नानीच्या घरी आता नळ आहे आणि तो बऱ्यापैकी येतो. तरी ती अजून एका तांब्यातच वजू करते, मोरीत नाही, अंगणात मोगऱ्याच्या आळ्यापाशी बसून. वजूचं सांडलेलं पाणी पुन्हा वजूला चालत नाही, झाडाला चालतं.